रात्री पेज जेवून झोपलेली आत्या सकाळी उठली नाही. इन्शुलिन मेल्यानंतर सापडतं का?

कुळागर (सोमवार, रात्री ९.१२)

नमस्कार मंडळी. मी फोंड्याजवळचा. एरवी इथे सुपारीचे भाव आणि माकडांचा उपद्रव यांवरच लिहितो, आज विषय वेगळा आहे.

माझी आत्या गेल्या महिन्यात गेली, वय ७४. साखरेचा आजार बारा वर्षांचा, त्यातली शेवटची चार वर्षं इन्शुलिन. मूलबाळ नाही, यजमान जाऊन वीस वर्षं झाली. सोबतीला सत्तरी तालुक्यातली एक बाई होती, सहा वर्षं घरातच राहायची, इंजेक्शनही तीच द्यायची. रविवारी रात्री आत्या नुसती पेज जेवून झोपली आणि सोमवारी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजून गेला तरी उठली नाही. ओळखीच्या डॉक्टरांनी येऊन पाहिलं, वय आणि आजार बघून दाखला दिला, दुपारपर्यंत सगळं आटोपलं. शवचिकित्सा झाली नाही. तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही.

तेराव्याला चुलतभावाने हळूच काढलं, "बाईने इन्शुलिन जास्त टोचलं नसेल कशावरून? ते सापडतच नाही म्हणतात." त्याच्या मनात काय आहे ते मला कळतं. घरामागचं लहानसं भाट (बागायत) बाईच्या नावे करायचं आत्या दोनतीनदा बोलली होती. पण आता ते वाक्य घरोघर फिरतंय. बाई रडत गावी निघून गेली.

मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. शवचिकित्सा झाली असती तर कळलं असतं का? आणि आता काही कळू शकतं का?

तिरफळ (सोमवार, रात्री ९.२०)

आत्याबद्दल वाईट वाटलं दादा.

बाकी चुलतभावाला सांगा, टीव्हीवरच्या मालिका कमी बघ.

म्हापशेकर (सोमवार, रात्री ९.४१)

मालिका कशाला? मीही हेच ऐकलंय की इन्शुलिन शरीरात असतंच, मग टोचलेलं कुठलं आणि स्वतःचं कुठलं हे कोण ओळखणार? धूर नाही तिथे आग कशी शोधणार?

बांबोळीकर (सोमवार, रात्री १०.३५)

मी गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, न्यायवैद्यक विभागात काही वर्षं काढली आहेत. आता त्या क्षेत्रात नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

म्हापशेकर, स्वतःचं आणि टोचलेलं ओळखता येतं, पण ते नंतर. आधी कुळागर यांचा पहिला प्रश्न.

लोकांना वाटतं मेल्यावर रक्तातली साखर मोजली की झालं. तसं होत नाही. मरताना आणि मेल्यानंतर यकृतातली साठवलेली साखर सुटते आणि हृदयाच्या उजव्या बाजूच्या रक्तात ती भरपूर दिसते. बाकी ठिकाणी पेशी आणि जंतू तीच साखर खात बसतात. म्हणजे एकाच देहात एकीकडे जास्त, दुसरीकडे कमी. म्हणून डोळ्यातला द्रव घेतात, त्याला व्हिट्रियस म्हणतात. तो डोळ्याच्या गोळ्यात बंद असतो, सडण्याची झळ तिथे उशिरा पोचते. पण साखर तिथेही मेल्यावर उतरतच जाते. त्यामुळे व्हिट्रियसमध्ये साखर खूप जास्त मिळाली तर ती जिवंतपणीच वाढलेली होती असं बोलता येतं. कमी मिळाली तर तोंड मिटून बसायचं.

आता पेपरातलं आवडतं वाक्य, "व्हिसेरा राखून ठेवला". जठर, आतडं, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग मिठाच्या संपृक्त पाण्यात घालून पाठवतात. पुढे जी नेहमीची तपासणी होते ती कीटकनाशकं, धोतरा, झोपेच्या गोळ्या, धातूंची विषं यांच्यासाठी. इन्शुलिन हे प्रथिन आहे. त्या बाटलीत इन्शुलिन शोधणं म्हणजे मासळी बाजारात जाऊन सुपारी मागणं.

रक्ताचं म्हणाल तर तांबड्या पेशींमध्ये इन्शुलिन तोडणारं एन्झाइम असतं. मेल्यानंतर पेशी फुटतात, एन्झाइम बाहेर येतं, इन्शुलिन संपतं. जिवंत माणसाचं रक्तसुद्धा लवकर यंत्रात फिरवून, वरचा पातळ भाग वेगळा काढून गोठवावा लागतो.

म्हणून खरे उपयोगी नमुने तीन. सुई टोचलेल्या जागेची कातडी आणि खालची चरबी, व्हिट्रियस, आणि माणूस मरण्यापूर्वी इस्पितळात आला असेल तर तेव्हा काढलेलं रक्त. तिसरं मिळालं तर सोनं. पण ते सोनं आठवड्याभरात कचऱ्यात जातं, कारण तोवर कुणाला शंका आलेली नसते.

थोडक्यात, कुळागर, शवचिकित्सा झाली असती तरी आपोआप काही कळलं नसतं. कुणीतरी "इन्शुलिन बघा" असं लिहून मागायला हवं होतं. शिवाय आत्या रोज इन्शुलिन घेत होती. नुसतं "सापडलं" याला तिच्या बाबतीत अर्थच नाही.

उडदामेथी (सोमवार, रात्री १०.४४)

मासळी बाजारात सुपारीही मिळते हो, कोपऱ्यात ती पानवाली बसते ना. 😄

निवृत्त_लॅबवाला (सोमवार, रात्री ११.२८)

बांबोळीकरांनी व्यवस्थित मांडलंय. मी बायोकेमिस्ट्रीत आयुष्य घालवलं, म्हणून या शोधाची कुळकथा सांगतो.

मे १९५७, इंग्लंडमधलं ब्रॅडफर्ड. केनेथ बार्लो नावाचा पुरुष नर्स. त्याची बायको एलिझाबेथ न्हाणीच्या टबात बुडून मेलेली सापडली. नवरा म्हणाला, बाहेर काढायचा खूप प्रयत्न केला, कृत्रिम श्वास दिला. पण त्याचे कपडे कोरडे होते, बाईच्या कोपराच्या घडीत पाणी तसंच साठलेलं होतं आणि तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या खूप मोठ्या झालेल्या होत्या. डॉक्टरांनी हातात भिंग घेऊन कातडीचा इंच न इंच तपासला. अंगावर चामखिळी-तीळ भरपूर, त्यातून शोधत शोधत कुल्ल्यांवर सुईच्या खुणा सापडल्या.

आता बघा, हृदयातल्या रक्तात साखर जास्त होती! इन्शुलिन दिलं तर साखर कमी हवी. बांबोळीकरांनी वर लिहिलेलं यकृताचं कारण तिथेच कामी आलं. मग त्या खुणांखालचं मांस काढलं, त्याचा अर्क केला आणि उंदरांना टोचला. शेजारी दुसऱ्या उंदरांना खरं इन्शुलिन. दोन्हीकडचे उंदीर सारखेच थरथरले, बेशुद्ध झाले, मेले. स्नायूत तयार झालेल्या लॅक्टिक आम्लामुळे त्या जागचं इन्शुलिन टिकून राहिलं होतं. सगळं मिळून ८४ युनिट उरलेलं भरलं. इन्शुलिनने खून केल्याबद्दल शिक्षा झालेला तो पहिला माणूस.

आम्हा लॅबवाल्यांना यात गंमत ही वाटते की इन्शुलिन मोजायचं यंत्र तेव्हा नव्हतंच. उंदीर हेच यंत्र. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांची रेडिओइम्युनोॲसे पद्धत त्यानंतर दोनतीन वर्षांनी आली. यॅलोबाईंना त्यासाठी १९७७ चं नोबेल मिळालं. बर्सन १९७२ मध्येच गेले होते, त्यांच्या वाट्याला काही आलं नाही.

उडदामेथी (सोमवार, रात्री ११.३३)

त्या उंदरांच्या वाट्याला काय आलं तेही लिहा.

म्हापशेकर (सोमवार, रात्री ११.५०)

हे झालं निरोगी बाईचं. माझा प्रश्न तसाच आहे. स्वतःचं आणि टोचलेलं?

निवृत्त_लॅबवाला (मंगळवार, सकाळी ६.१५)

झोप लागली होती. लिहितो.

स्वादुपिंडात इन्शुलिन एका मोठ्या साखळीच्या रूपात बनतं, तिला प्रोइन्शुलिन म्हणतात. ती कापली की दोन वस्तू निघतात, एक इन्शुलिन आणि एक सी-पेप्टाइड. जितके रेणू याचे तितकेच त्याचे. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर नारळ सोलला की सोडणं, म्हणजे वरची सालं, पडणारच. घरात दहा नारळ सोललेले दिसतायत आणि अंगणात सोडणं एकही नाही, म्हणजे नारळ बाजारातून सोलून आणलेले.

कुपीतल्या इन्शुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतं. रक्तात इन्शुलिन भरपूर आणि सी-पेप्टाइड जवळजवळ नाही, तर इन्शुलिन बाहेरून आलं. दोन्ही भरपूर असतील तर स्वादुपिंडावरची गाठ, किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या. त्या गोळ्या स्वादुपिंडाला पिळून इन्शुलिन काढतात, त्यांचा शोध वेगळा घ्यावा लागतो.

म्हापशेकर, मिळालं उत्तर?

म्हापशेकर (मंगळवार, सकाळी ७.०२)

नारळाच्या भाषेत सांगितलं की लगेच कळतं. मानलं.

चोर्ला_घाट (मंगळवार, सकाळी ९.१०)

मग इंग्लंडमधल्या त्या नवजात बाळांच्या नर्सच्या खटल्यात एवढा वाद कशाचा? तिथेही इन्शुलिन जास्त, सी-पेप्टाइड कमी असंच होतं ना?

बांबोळीकर (मंगळवार, सकाळी ९.४०)

लूसी लेटबी, २०२३ ची शिक्षा. इन्शुलिनचे आरोप ज्या बाळांबाबत होते ती वाचली होती, म्हणजे नमुने जिवंत बाळांचे. वाद चाचणीच्या जातीचा आहे. तिथे इम्युनोॲसे वापरली होती. ती चाचणी अँटिबॉडीने रेणू "पकडते", आणि पकडलेला रेणू आपल्याला हवा तोच आहे हे तिला नेहमीच नक्की सांगता येतं असं नाही. रुग्णाच्या अंगातल्या अँटिबॉडींमुळेही आकडा फुगू शकतो. उपचारासाठी ती चाचणी उत्तम आहे. फौजदारी खटल्यासाठी दुसऱ्या पद्धतीने खात्री करायला हवी होती, असं टीकाकार म्हणतात. शिक्षा आजही कायम आहे आणि वादही.

दुसरी पद्धत म्हणजे मास स्पेक्ट्रोमेट्री. तिथे रेणू वजनाने आणि तुकड्यांनी ओळखतात. इन्शुलिन ५१ अमिनो आम्लांचं. डुकराच्या इन्शुलिनमध्ये माणसापेक्षा एक आम्ल वेगळं, गाईच्यात तीन. हल्लीची बनवलेली इन्शुलिनं, ग्लार्जिन, अस्पार्ट वगैरे, यांत मुद्दाम एकदोन आम्लं बदललेली किंवा जोडलेली असतात. म्हणून ती सापडली की प्रश्नच मिटतो, ती कुणाचंच स्वादुपिंड बनवत नाही. यात लिस्प्रो लबाड. त्यात शेजारशेजारच्या दोन आम्लांची फक्त अदलाबदल आहे, एकूण वजन मानवी इन्शुलिनइतकंच. रेणू फोडून तुकडा बघितला तरच कळतं. व्हिट्रियसमधून अशी बनवलेली इन्शुलिनं ओळखल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

खाजें_आवडे (मंगळवार, सकाळी १०.०५)

एवढी साखरेची चर्चा वाचून फेस्तातलं खाजें खायची इच्छा मेली. २०२३ च्या आयसीएमआरच्या सर्वेक्षणात मधुमेहात गोवा देशात पहिला, २६.४ टक्के. म्हणजे चौघांच्या टेबलावर एक. आणि आम्ही जत्रेतून किलोभर खाजें आणतो.

पावशेर (मंगळवार, सकाळी १०.११)

चौघांच्या टेबलावर एक, आणि बिल तोच भरतो.

खाजें_आवडे (मंगळवार, सकाळी १०.१४)

पावशेर, तुमच्या नावावरूनच कळतं टेबल कुठलं ते. उपाशीपोटी उर्राक मारू नका एवढंच सांगते. इन्शुलिन घेणाऱ्याने दारू प्यायली तर यकृत नवी साखर बनवत नाही. माझा मामा असाच पहाटे पायरीवर पडलेला मिळाला. सगळे म्हणत होते पिऊन पडलाय, झोपू दे. शेजारच्या मुलीने साखर मोजली म्हणून वाचला.

संपादक मंडळ (मंगळवार, सकाळी १०.३०)

"काय केलं तर सापडत नाही" या दिशेने गेलेले दोन प्रतिसाद उडवले आहेत. शोध कसा लागतो त्यावर खुशाल बोला. उर्राकसाठी वेगळा धागा आहे.

फोंड्याची_वकील (मंगळवार, दुपारी १.४५)

कोर्टाच्या मधल्या सुट्टीत लिहितेय, चुका पोटात घाला.

"सापडलं नाही तर खटला संपला" असं चुलतभाऊही समजतोय आणि इथलेही काहीजण. मराठी माणसाला तरी पुण्याचं लागू प्रकरण आठवायला हवं. नोव्हेंबर १९५६. लक्ष्मीबाई कर्वे, विधवा, पैसेवाली आणि मधुमेही. डॉ. अनंत चिंतामण लागू त्यांना पुण्याहून रात्रीच्या गाडीने मुंबईला घेऊन गेला. पहाटे बेशुद्ध अवस्थेत जी. टी. इस्पितळात दाखल केलं, तेही दुसऱ्याच नावाने, आणि त्या दुपारच्या आत गेल्या. मृतदेह बेवारस पडून राहिला. लागूने पुण्यात येऊन पत्रं रचली, बाईंनी लग्न केलं, लांब कुठेतरी राहतायत म्हणे. दरम्यान मालमत्ता स्वतःकडे वळवत राहिला. व्हिसेऱ्यात विष सापडलं नाही. शवचिकित्सेत कारण लिहिलं मधुमेहाची बेशुद्धी.

तरीही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५९ मध्ये फाशी कायम केली. न्या. हिदायतुल्ला यांनी बहुमताचा निकाल लिहिला, न्या. सरकार यांचं मत विरोधी होतं. बहुमताचा रोख असा की विष सापडलं नाही एवढ्यावरून आरोपी सुटत नाही, बाकीच्या परिस्थितीची साखळी पुरेशी घट्ट असली तर.

पण चुलतभावाने याचा आनंद मानू नये. १९८४ च्या शरद बिरधीचंद सारडा निकालात न्यायालयाने विषप्रयोगासाठी चार गोष्टी मागितल्या आहेत. हेतू स्पष्ट हवा, मृत्यू विषानेच झालेला हवा, ते विष आरोपीकडे हवं आणि ते देण्याची संधी हवी. बाईकडे इन्शुलिन होतं आणि संधी रोजच होती, ते तिचं कामच होतं! या दोन गोष्टींवर कुणाला अडकवायचं म्हटलं तर गोव्यातल्या निम्म्या सुना तुरुंगात जातील.

पुण्याची_माहेरवाशीण (मंगळवार, दुपारी ३.२०)

लागू प्रकरण! माझी आजी पुण्यात डेक्कनवर राहायची. कुणी ओळखीचा फार गोड बोलून "चला, मोठ्या डॉक्टरला दाखवू" म्हणाला की ती म्हणायची, "गाडीत बसण्याआधी नाव खरं लिहून द्या हो."

त्या काळी इन्शुलिन मोजता आलं असतं तर निकालातला मतभेद टळला असता का?

फोंड्याची_वकील (मंगळवार, संध्याकाळी ६.१०)

मला नाही वाटत. त्या खटल्यात इस्पितळात आल्यावर उपचार म्हणून इन्शुलिन दिलंच होतं. मोजलं असतं तर उलट बचावपक्षाच्याच हाती कोलीत मिळालं असतं.

चोर्ला_घाट (मंगळवार, संध्याकाळी ६.४०)

आपल्याकडे हे यंत्र आहे का पण? पूर्वी गोव्याचे नमुने हैदराबादला जायचे आणि अहवाल यायला वर्ष लागायचं. आता वेर्ण्याला आपली प्रयोगशाळा आहे. मला तर वाटतं सगळं रडगाणं यंत्राचं आहे. पैसे टाका, यंत्र आणा.

बांबोळीकर (मंगळवार, रात्री ८.०५)

चोर्ला, इथे मी तुमच्याशी असहमत. कॅनडातल्या ऑन्टॅरिओत एलिझाबेथ वेटलॉफर नावाच्या नर्सने वृद्धाश्रमांत इन्शुलिन टोचून आठ जणांना मारलं. श्रीमंत देश, यंत्रं दाराशी. कुणाला संशय आला नाही. २०१६ मध्ये तिने स्वतः सांगितलं म्हणून कळलं. नंतर चौकशी आयोगाने लिहिलं की ती बोलली नसती तर हे उघडच झालं नसतं. म्हातारी, मधुमेही माणसं पलंगावर गेली. कोण कशाला डोळ्यातला द्रव काढेल?

यंत्र शेवटी लागतं. आधी लागतो तो पहिल्या तासातला एक माणूस, जो म्हणेल की थांबा, हे मला पटत नाही. तो कधी हवालदार असतो, कधी वॉर्डातली नर्स.

आणि उलटंही लक्षात ठेवा. इन्शुलिन घेणारी माणसं रात्री झोपेत, कुणीही काही न करता मरतात. १९९१ मध्ये टॅटरसॉल आणि गिल यांनी तरुण मधुमेहींचे असे मृत्यू एकत्र मांडले. रात्री ठणठणीत, सकाळी न विसकटलेल्या अंथरुणात मेलेले.

चोर्ला_घाट (मंगळवार, रात्री ८.२०)

ठीक. तरी यंत्र आणा.

सिस्टर_पेडणे (मंगळवार, रात्री ९.३५)

मी आरोग्य केंद्रात आहे, घरोघर फिरणं हेच काम. तुम्ही सगळे मोठमोठ्या खटल्यांत रमलात, कुळागरदादांचा दुसरा प्रश्न राहिला. आता काही कळू शकतं का?

देह नाही, पण वस्तू आहेत. दादा, आत्याचं साखर मोजायचं मशीन अजून घरात आहे का? त्यात जुने आकडे वेळेसकट साठवलेले असतात. इन्शुलिन शिल्लक आहे का, किती आहे? सुया कुठल्या? काहीही फेकू नका, पुसू नका. मशीन उघडण्याआधी त्याचं घड्याळ बरोबर आहे का ते मोबाईलशी ताडून बघा. दहातल्या सात घरांत ते घड्याळ कुणी लावलेलंच नसतं.

कुळागर (बुधवार, संध्याकाळी ७.५०)

सगळ्यांचे आभार. आज आत्याच्या घरी गेलो होतो. कपाट उघडून पंधरा मिनिटं नुसता बसलो.

मशीन मिळालं. घड्याळ अकरा मिनिटं पुढे आहे, तेवढं वजा करून लिहितो. रविवारी संध्याकाळी ७.२० ला १८६. मग रात्री २.५० ला ४१. आणि ३.१५ ला ७९. बस, त्यानंतर काही नाही.

म्हणजे बाई रात्री उठली होती. आत्या घामाघूम झालेली दिसली, साखर मोजली, साखरपाणी दिलं. हे ती त्या दिवशी सकाळी सांगत होती. रडत रडत सांगत होती आणि माणसं येत-जात होती, कुणी लक्ष दिलं नाही. मीही नाही. आत्या बोलायला लागली, म्हणाली झोपूया, म्हणून ती झोपली.

जिला मारायचं आहे ती मध्यरात्री उठून साखर मोजेल का?

तिरफळ (बुधवार, संध्याकाळी ७.५८)

चुलतभावाला हे मशीन दाखवा. त्याच्या तोंडासमोर धरून दाखवा.

म्हापशेकर (बुधवार, रात्री ८.०३)

माझे सुरुवातीचे शब्द मागे घेतो. धुराचं वगैरे.

बांबोळीकर (बुधवार, रात्री ८.३०)

७९ बघून कुणीही निर्धास्त होईल, डॉक्टरसुद्धा. साखरपाणी पटकन चढतं आणि पटकन उतरतं. इन्शुलिन लांब टिकणारं असेल तर ते पहाटेपर्यंत खेचत राहतं. नंतर भाकरी, बिस्किटं असं काहीतरी द्यावं लागतं, आणि तासाभराने परत मोजावं लागतं. हे बाईला कुणी शिकवलं होतं का?

पण १८६ वरून ४१, नेहमीच्या डोसात? पेज कमी जेवली असेल. तरी बरीच उतरली. कुठलं इन्शुलिन आणि किती?

कुळागर (बुधवार, रात्री ८.४२)

मिश्र, ३०-७० वालं. पेनचं, म्हणजे पेनसारखं इंजेक्शन असतं ते. रात्री १६ युनिट, चार महिने तेच चालू होतं.

सिस्टर_पेडणे (बुधवार, रात्री ८.५५)

पेन कुठे आहे दादा? त्या रात्री पेननेच दिलं होतं ना?

नवखा_सदस्य (बुधवार, रात्री ८.५९)

धागा फार लांबलाय. सापडतं की नाही, कुणी एका ओळीत सांगेल का?

सिस्टर_पेडणे (बुधवार, रात्री ९.०४)

विचारते त्याचं कारण सांगते. आपल्याकडे इन्शुलिन दोन ताकदींचं मिळतं. कुपीतलं बहुधा १ मिलीत ४० युनिट, पेनच्या कार्ट्रिजमधलं १ मिलीत १०० युनिट. सिरिंजही वेगवेगळ्या. लाल टोपीची ४० साठी, नारिंगी टोपीची १०० साठी. पेन बिघडलं की लोक कार्ट्रिजमध्ये सिरिंज खुपसून ओढतात. कार्ट्रिज १०० चं आणि सिरिंज लाल असेल तर रेघ १६ वरच असते, आत मात्र ४० युनिट जातात. अडीचपट. माझ्या भागात वर्षातून एखाददुसरा रुग्ण असा येतोच. आम्ही प्रत्येक घरी टोपीचा रंग दाखवून सांगतो, तरी होतं.

कुळागर (बुधवार, रात्री १०.४७)

पेन अडकलं होतं. रविवारी संध्याकाळी बाईचा फोन आला, बटण दाबलं जात नाही म्हणून. फार्मसी बंद व्हायला आली होती. नवं पेन तिथे नव्हतं. मी सिरिंजचं पाकीट घेतलं आणि आत्याकडे देऊन पुढे भजनाला गेलो.

आता परत जाऊन बघून आलो. फ्रिजच्या दारात कार्ट्रिज आहे, त्यावर १०० लिहिलंय. पाकिटात नऊ सिरिंज आहेत. टोप्या लाल.

बाईने दारात विचारलं होतं, "दादा, ह्यो चलतल्यो न्ही?" मी म्हटलं, सुई ती सुई.

तिरफळ (बुधवार, रात्री १०.५२)

दादा.

बांबोळीकर (बुधवार, रात्री १०.५८)

कुळागर, तुमचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आत्ताच फोन करतो.

तोवर एवढंच. देह नाही, नमुना नाही, त्यामुळे हेच कारण होतं असं कुणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. वय ७४ होतं, हृदयाचं काय होतं आपल्याला माहीत नाही. आणि दुकानदारानेही पाकीट देताना विचारायला हवं होतं, कशासाठी.

फोंड्याची_वकील (बुधवार, रात्री ११.१०)

मशीन, कार्ट्रिज, पाकीट, सगळं एका डब्यात घालून फोटो काढून ठेवा. आणखी काही लिहायचं असेल तर आता इथे नको, मला भेटा. फी नाही.

पुण्याची_माहेरवाशीण (बुधवार, रात्री ११.२६)

आमच्या सासूबाईंच्या डब्यात आत्ता जाऊन बघितलं. नारिंगी टोप्या, कुपी ४० ची. म्हणजे आमच्याकडे उलटं, तीन महिने कमी जात होतं आणि आम्ही म्हणत होतो साखर का उतरत नाही. सिस्टर, उद्या फोन करू का तुम्हाला?

सिस्टर_पेडणे (बुधवार, रात्री ११.३१)

करा. पण तोवर डोस स्वतःच्या मनाने बदलू नका, डॉक्टरांना आधी हे सांगा.

कुळागर (गुरुवार, सकाळी ५.४०)

बांबोळीकरांशी तासभर बोललो. झोप आली नाही.

चुलतभावाला पहाटेच फोन लावला, सगळं सांगितलं. काही बोलला नाही, ठेवून दिला.

सातच्या बसने वाळपईला जातो, तिथून तिचं गाव रिक्षाने अर्धा तास. तिचा शेवटच्या महिन्याचा पगारही द्यायचा राहिलाय.